धुऱ्यावरची बाग

आमच्या कॉलनीत बागेच्या वर्गणीपायी कुऱ्हाड चालली, हे सांगितलं की मेहकरातले लोक आधी हसतात. "बागेसाठी?" असं विचारतात आणि पुन्हा हसतात. मला त्यांचा राग येतो. तसा मला कशाचाही लवकर राग येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात जन्म गेला आणि माझा आवाज कायमचा फाटला तो त्यामुळेच. पण हा राग वेगळा आहे. त्या जमिनीवर आमची घरं उभी राहायच्या कितीतरी आधी रक्त सांडलं होतं आणि ते ज्यानं सांडलं तो माणूस रोज सकाळी माझ्या फाटकासमोर मेंदीचं कुंपण छाटायचा. मी त्याला चहा द्यायचे. त्याचं नाव पुंजाजी.

पुंजाजी साठीच्या पुढचा, उंच, खांद्यानं रुंद. पायात टायरच्या चपला, डोक्याला मळका दुपट्टा. माळी म्हटला की फुलांशी हळुवार बोलणारा कुणी डोळ्यांसमोर येतो. पुंजाजी झाडांशी बोलायचा तो शिव्यांत. कुंपण छाटायला लागला की पानं पार रस्त्यापर्यंत उडायची. बागेत शेळी शिरली तर ती लंगडत घरी जायची आणि भांडायला आलेला शेळीचा मालकही बहुधा लंगडतच परतायचा. देवपूजेला गुलाब तोडणाऱ्या एका साहेबांचं मनगट त्यानं असं पिरगाळलं, की साहेबांना कितीतरी दिवस शर्टाची बटणं बायकोकडून लावून घ्यावी लागली.

राजकुमारचं प्रकरण तर सगळ्या कॉलनीनं पाहिलं. हा राजकुमार माझ्या शेजारचा, मालवाहू टेम्पोंचा मालक. टेम्पो रस्त्यावर मावत नाही म्हणून त्यानं तो एके दिवशी सरळ हिरवळीवर चढवला. पुंजाजी लोखंडी सब्बल घेऊन आला आणि त्यानं दोन्ही हेडलाइट फोडले, मग पुढची काच फोडली. ड्रायव्हर धावून आला तर त्याला कमरेत उचलून पाण्याच्या हौदात टाकला. राजकुमार गच्चीवरून ओरडत होता, पण खाली काही उतरला नाही. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ती बाग पुंजाजीला आपलीच वाटायची, याला कारण होतं. आमची कॉलनी हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि ही सगळी जागा पूर्वी पुंजाजी आणि त्याचा धाकटा भाऊ कचरू यांचं शेत होतं. अर्धं वावर एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, मधे धुरा. दोन वावरांमधल्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावर एक जुनी बाभूळ होती. धुऱ्यावरचं झाड दोघांचं, असा इकडचा रिवाज. एका वर्षी फांद्या थोरल्याच्या, पुढच्या वर्षी धाकट्याच्या.

तरुणपणीच कचरूचा उजवा हात मनगटापासून गेला. कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये अडकला, असं सगळे सांगायचे. तेव्हा त्यांची आई झुंबरबाई जिवंत होती. तिनं पुंजाजीला आपल्या हिश्श्यातली धुऱ्यालगतची लांबलचक पट्टी कचरूला द्यायला लावली आणि पुंजाजीनं ती दिली. भावाचा हात मशीनमध्ये जातो काय आणि थोरला त्याला जमीन देतो काय, लोक पुढे कितीतरी वर्षं कौतुकानं सांगत. थोरला असावा तर असा, म्हणत. मीही वर्गात एकदा हे उदाहरण दिलं होतं.

फक्त एक गोष्ट कुणाला उलगडत नव्हती. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आई मेली तेव्हा खांदा दोघांनी दिला, पण बोलले नाहीत.

पुढे समृद्धी महामार्ग आला, जमिनींना भाव आला आणि दोघांनी वावर विकून टाकलं. लेआउट पाडताना इंजिनियर म्हणाला की नियमाप्रमाणे बागेसाठी मोकळी जागा सोडावी लागते, ती कुठे धरू? दोन्ही भावांनी वेगवेगळ्या तोंडांनी एकच जागा दाखवली. धुरा. भावाच्या प्लॉटला आपला प्लॉट लागायला नको, एवढाच त्यात हिशोब. अशी आमची बाग त्या धुऱ्यावर झाली आणि ती बाभूळ बागेच्या मधोमध आली. पुंजाजी सगळ्या झाडांवर विळा, कात्री, कुऱ्हाड चालवायचा, पण त्या बाभळीला हात लावायचा नाही. तिच्या फांद्या पार जमिनीला टेकल्या होत्या. काटे चपलांतून पायात घुसत. मी दहादा सांगितलं, तो नुसता मान फिरवायचा.

दोघांनी घरापुरता एकेक प्लॉट ठेवला होता. बागेच्या अलीकडे पुंजाजी, पलीकडे कचरू. कचरूचा प्लॉट कॉलनीत सगळ्यांत मोठा, कारण ती पट्टी त्यातच होती. पण त्या पट्टीवर त्यानं एक वीट ठेवली नाही. घर तिला सोडून बांधलं. पट्टीवर बाभळीचे काटे रचून ठेवले होते. त्यातून साप निघायचे आणि मी भांडायला जायचे. "राहू द्या बाई," एवढंच तो म्हणायचा. घरापुढे त्याची पिठाची चक्की होती. एका हातानं तो सगळं करायचा. पोत्याची सुतळी दातांनी ओढायचा, फावड्याचा दांडा काखेत दाबून नाली साफ करायचा. त्याची बायको पंचफुला पायली मोजून द्यायची. कचरू कुणाशी भांडला नाही की मोठ्यानं बोलला नाही. पुंजाजीच्या भावाला राग द्यायला देव विसरला, असं आम्ही म्हणायचो.

आता वर्गणीचं सांगते. आमची कॉलनी नगर परिषदेच्या हद्दीबाहेर आणि ग्रामपंचायतीपासून लांब. बाग आमची आम्हीच सांभाळायची. सुरुवातीला गणपतीसारखी मर्जीची वर्गणी होती. ज्याला लाज वाटेल तो द्यायचा, आणि लाज फार थोड्यांना वाटायची. मोटार जळाली की ती तशीच पडून राहायची. विजेचं बिल थकायचं. पुंजाजीला पगार ठरला होता, पण मिळायचा कधीतरी. त्याची बायको गेलेली, मुलगी सुचिता चिखलीला दिलेली. जमिनीचा पैसा आला तसा गेला होता. पगार बंद झाला तर मुलीच्या घरी जाऊन सासरच्या लोकांच्या नजरेखाली बसायचं, हेच त्याच्यापुढे होतं. तो मला म्हणाला होता, "बाई, मी अथीच मरन. ह्या धुऱ्यावरून मले कोनी हालवू नोका."

मी कॉलनीची सेक्रेटरी. मी डोकं चालवलं आणि नियम मांडला: वर्गणी मर्जीची नाही, प्लॉटच्या मापाप्रमाणे. ज्याची जागा जास्त, त्याची वर्गणी जास्त. बागेमुळे प्लॉटचे भाव चढतात, आणि मोठ्या प्लॉटचा भाव जास्त चढतो, तेव्हा त्यानं जास्त द्यावं. यात काय चूक होतं? मला अजूनही त्यात चूक दिसत नाही. कलीमभाई आमचे खजिनदार. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि कॉलनीतली निम्मी फाटकं त्यांच्याच हातची. ते टेप घेऊन घरोघरी मापं घेत फिरले. कचरूच्या काट्यांच्या पट्टीतूनही त्यांनी टेप ओढला. कचरू चक्कीच्या दारात उभा राहून बघत होता. "काही बोलले नाहीत," असं कलीमभाईंनी मला येऊन सांगितलं.

रविवारी सकाळी बागेत बैठक भरली. सतरंजी अंथरली होती. पुंजाजी लांब हौदाच्या कट्ट्यावर बसला, कारण त्याच्याच पगाराची गोष्ट होती. मी प्लॉटवार आकडे वाचून दाखवले. कुरकूर झाली, पण बहुतेक माना हलल्या. मग कचरूचं नाव आलं. त्याचा आकडा सगळ्यांत मोठा.

कचरू उठला. इतकी वर्षं तो लांब बाह्यांचा शर्ट घालून तुटका हात खिशात ठेवायचा. त्यानं तो खिशातून काढला आणि माझ्या समोर धरला. मनगटाच्या वरचा तो गुळगुळीत गोळा मी पहिल्यांदाच जवळून पाहिला.

"बाई," तो म्हणाला, "हे पैसे कोनाले जातीन?"

"बागेला. मोटार, बिल आणि पुंजाजीभाऊंचा पगार."

"माह्या प्लॉटात ती पट्टी धरली?"

"माप आहे ते धरलंच पाहिजे."

"ती पट्टी मले कायच्या बदल्यात भेटली, मालूम हाय?"

मी म्हटलं, मालूम आहे. कुट्टी मशीनमध्ये हात गेला म्हणून थोरल्यानं दिली.

"कुट्टीत नाही गेला," कचरू म्हणाला. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "ह्या बाभईवर गेला. त्या वर्षी फांद्या माह्या व्हत्या. तो कुऱ्हाड घेऊन आला. मी फांदी धरली. त्यानं कुऱ्हाड मारली. हात फांदीच्या खाली पडला. माय रडली, म्हने थोरला जेलात जाईन, घर बसन, तू कुट्टीचं नाव सांग. मी सांगतलं. त्याच्या बदल्यात हे जमीन. आता तुमी मले माह्या हाताच्या जमिनीवर पैसे लावून राह्यले. आन ते पैसे द्याचे कोनाले, तर त्यालेच."

 मी हातातला कागद खाली ठेवला. सगळ्यांनी हौदाकडे पाहिलं. पुंजाजी कट्ट्यावर तसाच बसला होता, मान खाली.

अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल सगळ्यांना असते, राजकुमारला नव्हती. तो म्हणाला, "मंग मीबी नाही देत. हात तोडनाऱ्याचा पगार आमी काऊन द्याचा? उद्यापासून टेम्पो अथीच लावतो."

तो हे बोलून संपवेपर्यंत पुंजाजी तिथे पोचला होता. त्यानं राजकुमारला मानेला धरून उचलला आणि हौदाच्या कठड्यावर आपटला. राजकुमारचा ओठ फाटला, दात रक्तानं माखले. कलीमभाई आणि आणखी दोघे-तिघे पुंजाजीला लोंबकळले तरी तो सुटेना. मी ओरडत होते. पंचफुला कचरूला ओढून घरी नेत होती आणि तो मागे वळून बघत जात होता. पुंजाजीनं राजकुमारला सोडलं ते आपणहून, एकाएकी, आणि तो बाभळीखाली जाऊन काट्यांतच बसला.

वर्गणी तिथेच बुडाली. मी घरोघर गेले, घसा फोडला. कुणी म्हणे आधी कचरूचं मिटवा, कुणी म्हणे राजकुमार देत नाही तर आम्हीच काऊन. मोठ्या प्लॉटवाला देत नाही म्हणून छोटे देईनात. विजेचं कनेक्शन कापलं गेलं. वैशाखाचं ऊन होतं. हिरवळ पिवळी पडली, मेंदी वाळली. राजकुमारनं खरंच टेम्पो आत आणून लावला आणि पुंजाजीनं त्याला हात लावला नाही. तो दूरच्या हापशावरून बादल्या आणून एकेका झाडाला घालत होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मीही चहा देणं बंद केलं होतं. माझ्या मनात सारखा तो गोळा यायचा आणि पुंजाजीला पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. सुचिता त्याला न्यायला चिखलीहून आली. तिनं त्याची पेटी भरली. तो म्हणाला, आठवड्यानं येतो. ती रडत परत गेली.

मग एका सकाळी घाव पडल्याचा आवाज आला. मी पोळ्या टाकत होते. तवा तसाच ठेवून बाहेर आले.

कचरू बाभळीवर कुऱ्हाड चालवत होता. डाव्या हातानं. दांडा लांब धरलेला आणि उजव्या हाताच्या खुंटानं तो खालून रेटत होता. घाव वेडावाकडा पडत होता, सालीचे तुकडे उडत होते. पंचफुला कुंपणापाशी तोंडाला पदर लावून उभी होती.

"कचरूभाऊ, काय करताय?"

"माहा हिस्सा नेतो बाई. झाड अर्ध माहं. वर्गनी मांगता तं झाडबी देसान ना."

मी त्याला अडवायला पुढे झाले तेवढ्यात पुंजाजी बादली घेऊन आला. बादली त्यानं सावकाश खाली ठेवली. लोक घराघरांतून बाहेर यायला लागले होते. कलीमभाई नुसत्या बनियनवर धावत आले. सगळ्यांना वाटलं, आता हा त्याला फाडतो. मलाही वाटलं. कचरूनंही कुऱ्हाड वर घेतली होती.

पुंजाजी बाभळीजवळ गेला. काट्यांतून वाकून त्यानं आडवी गेलेली फांदी उजव्या हातानं धरली. कोपरापर्यंत हात फांदीवर टाकला आणि उभा राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. इतक्या वर्षांत मी त्याला रागाशिवाय पाहिला नव्हता, त्यामुळे तो मला ओळखूच येईना.

कचरूनं कुऱ्हाड तशीच वर धरली होती. "सांग," तो म्हणाला. "सगळ्याईपुढं सांग. निसटली व्हती ना? कुऱ्हाड निसटली व्हती ना तुह्या हातची?"

त्याच्या आवाजात विनवणी होती. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस याच एका शब्दावर जगत होता. थोरल्यानं फक्त 'हो' म्हणावं. कुऱ्हाड निसटली म्हणावं. मग पट्टी, वर्गणी, सगळं जाऊ दे. मी मनात म्हणत होते, पुंजाजी, म्हण की रे, एक खोटं बोल आणि मोकळा हो.

"नाही," पुंजाजी म्हणाला.

"निसटली व्हती."

"नाही कचऱ्या. हात पाह्यला मी. पाहून मारली."

पंचफुला ओरडली. कुऱ्हाड खाली आली. पहिला घाव पुंजाजीच्या कोपराच्या खाली बसला आणि रक्ताची चिळकांडी कचरूच्या तोंडावर उडाली. पुंजाजीच्या तोंडून आवाज निघाला, पण त्यानं हात काढला नाही. कचरूनं कुऱ्हाड ओढून काढली आणि पुन्हा मारली. दुसरा घाव तिरपा गेला, मांस सोलून फांदीत रुतला. तिसऱ्यांदा त्यानं ओढली तर ती निघेना. डाव्या हातानं तो ओढत होता, हिसडत होता, रडत होता, शिव्या देत होता. मग कलीमभाईंनी त्याला मागून कव घातली. पुंजाजी फांदीला लोंबकळत खाली घसरला. बाभळीचे काटे त्याच्या गालात, छातीत घुसले होते. मी माझ्या साडीचा पदर फाडून त्याच्या दंडाला आवळला. रक्त माझ्या पोळीच्या पिठाच्या हातांवरून कोपरापर्यंत आलं.

दवाखान्यात नेण्यासाठी गाडी राजकुमारनंच काढली. टेम्पो बागेतच उभा होता. ओठावर व्रण राहिलेला तो गाडी चालवत होता आणि सारखा मागे वळून विचारत होता, "हाय ना बाई? जित्ता हाय ना?" मी त्याच्यावर ओरडले की पुढे बघ.

हात वाचला, पण नावाला. शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवून दिला तरी बोटं मिटत नाहीत आणि मनगट लोंबतं. दुसऱ्या दिवशी पोलीस आला. पुंजाजी खाटेवर उशीला टेकून बसला होता. पोलिसानं विचारलं, कसं झालं?

"फांदी तोडून राह्यलो व्हतो. कुऱ्हाड निसटली."

मी तिथेच होते. माझं डोकं भणभणलं. पुन्हा तेच? आधी एका भावानं खोटं बोलायचं, मग दुसऱ्यानं? मी म्हटलं, "साहेब, हे खोटं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं आणि पोलिसाला म्हणाला, "बाईची नजर कमजोर हाय. चष्म्याची काच पाहा केवढी जाड हाय."

पोलिसानं माझा चष्मा पाहिला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कलीमभाई म्हणाले, "मीबी फांदी तोडतानाच पाह्यलं साहेब." दाराशी उभ्या राजकुमारनं मान हलवली. पोलिसाला लिहायला एवढं पुरलं. मी त्या दिवशी तिघांशीही बोलले नाही. पुढे कितीतरी दिवस बोलले नाही. एवढा खोटेपणा करून माणसं घरं टिकवतात आणि मग त्या घरांत बोलत नाहीत, याचा मला आजही संताप येतो.

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या फाटकाची कडी वाजली. बाहेर कचरू होता. डाव्या हातात मुडपलेल्या नोटा.

"बागेची वर्गनी," तो म्हणाला.

मी त्याला आत बोलावलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती कुऱ्हाड होती. पण पैसे घेतले आणि म्हटलं, "पट्टीचं माप वजा केलंय मी. ते धरणार नाही. तुम्ही म्हणाला ते मला पटलंय."

"नाही, धरा," कचरू म्हणाला. "पूर्न धरा. काटे काहाडले मी तथचे. तूर पेरतो."

तो गेल्यावर मी गच्चीवर चढून पाहिलं. पट्टी खरंच मोकळी होती. माती उकरलेली, तांबूस. एका कडेला काटे जाळल्याची राख. बाभूळही उभी होती. फांदीवर घावांची खोक तशीच, आणि तिच्यातून डिंक आला होता.

कचरूनं दिली तशी बाकीच्यांनीही दिली. राजकुमारनं टेम्पो बाहेर काढण्याचं निमित्त करून दिली आणि पावती दोनदा मागितली. मोटार दुरुस्त झाली, वीज आली. प्रश्न पुंजाजीचा होता. कमिटीत कुणी म्हणालं, दुसरा माणूस बघू, लुळ्या हाताचा माळी काय कामाचा. सुचिता पुन्हा आली होती, पेटी भरलेलीच होती. मी म्हटलं, आठ दिवस बघू. माझी त्याच्यावर माया नव्हती. त्यानं काय केलं होतं ते मला कळलं होतं, आणि ते त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं म्हणून धुतलं गेलं असंही मी मानत नाही. पण त्याच्यावाचून बाग मला दिसेना.

पुंजाजी कामावर आला त्या सकाळी मी शाळेत जायला निघाले होते. तो कडेच्या नालीतला गाळ काढायला बसला होता. फावडं त्यानं डाव्या हातात धरलं होतं आणि उजव्या लोंबत्या हाताचा आधार द्यायला बघत होता. दांडा सटकायचा. फावडं उलटं पडायचं. तो ते उचलायचा, पुन्हा सटकायचा. तोंडातून शिव्या निघत होत्या, पण पूर्वीचा जोर नव्हता. एकदा तो तोल जाऊन नालीत गुडघ्यावर पडला. मी फाटकाशी थांबले. मदतीला जावं असं वाटलं, पण गेले नाही.

पलीकडून चक्कीचा आवाज बंद झाला. कचरू पिठानं पांढरा झालेला, दारातून बाहेर आला. बागेच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि थोरल्याची ती धडपड बघत राहिला.  त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती. मला तर ती दिसली नाही.

पुंजाजीच्या हातून फावडं पुन्हा पडलं.

"हातानं नाही," कचरू म्हणाला. "काखीत धर."

पुंजाजीनं मान वर केली.

"दांडा काखीत दाब. आन हात नुसता खाली लाव. मंग जोर खांद्याचा लागते."

एवढं सांगून तो तिथेच उभा राहिला. पुंजाजीनं दांडा उचलला, काखेत घेतला. पहिल्यांदा जमलं नाही. कचरूनं कुंपणाच्या बाहेरूनच आपला खुंट उचलून, खांदा वाकवून दाखवलं, असं. पुंजाजीनं तसं केलं. फावड्यात थोडा गाळ आला आणि त्यानं तो काठावर टाकला.

मग कचरू गिऱ्हाईक आलं म्हणून चक्कीकडे वळला, आणि मला शाळेला उशीर झाला होता म्हणून मी निघाले.